फणी एक, मूल एक

आमच्या घरात सुरुवात एकच होती:
मुग्गुरु अन्नदम्मुलु. तीन भाऊ.
पोचारमहून पायी निघाले,
थोरल्याच्या खांद्यावर माग, मधल्याच्या डोक्यावर सूत,
धाकट्याच्या हातात म्हणे नुसता कंदील.
लग्नात, बारशात, तेराव्याच्या पंगतीतसुद्धा
कुणीतरी हे सांगायचंच,
आणि कंदील दर वेळी थोडा मोठा व्हायचा.

मी टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टची बिलं करते.
सवाना बंदराला जाणाऱ्या खोक्यांवर
माल कुठून आला ते ठळक लिहावं लागतं,
नाहीतर खोकी परत येतात.
त्या खोक्यांमुळे असेल,
किंवा टेक्ससच्या भाच्यानं नळीत थुंकून
मागवलेल्या नकाशामुळे
(अख्ख्या दख्खनवर एक जांभळा डाग, बाकी काही नाही),
मी शोधायला लागले.

पोचारम सापडली पाच.
गिरणीच्या मस्टरवर आम्ही मेरगू, मिरगू,
एका पगाराला मुरगे,
दंडाच्या पानावर फक्त ‘तेलंगी, आठ आणे’.
पूर्वी कूनपुली यायचे, पट उलगडून कुळं गायचे.
शेवटच्या म्हाताऱ्याचा मुलगा
अक्कलकोट रोडला मोबाइल दुरुस्त करतो.
त्यानं माळ्यावरून पट काढला. उंदरांनी नेमकी
आमची बाजू खाल्लेली.
स्क्रीन असती तर बदलून दिली असती, म्हणाला.

सरहद्द तेव्हा इथून फार लांब नव्हती.
नळदुर्गाकडं निजाम, इकडं राणी.
तिकडं हाली रुपया, इकडं कलदार,
आणि बदलून देताना प्रत्येकाचं
थोडं काहीतरी काटून घेतलं जायचं.

होटगीकर गुरुजी मोडी वाचतात.
जकातीची वही, शके सतराशे नव्याण्णव, नळदुर्ग नाका.
भिंगाखालून बोट सरकत गेलं
गूळ, कातडी, मीठ, बैल दोन,
आणि थांबलं.
‘मेरगू बुच्चव्वा. पुरुष बरोबर नाही.
फणी एक, मूल एक.
फणीवर दीड आणा. मुलास माफ.’

भाऊ? मी विचारलं.
गुरुजींनी पान नीट पाहिलं.
‘पुढच्या ओळीत एरंडेल आहे.’
मागच्या?
‘बकऱ्या.’

माग म्हणजे खड्डा आणि चार लाकडं,
जिथं जाल तिथं मिळतात.
फणी कुणी उसनी देत नाही.
तिनं ती पदरात गुंडाळली असेल, मूल काखेत,
की उलट? पोराची माती झाली तर रडता येतं,
फणीचा दात मोडला तर धागाच चालत नाही,
असा काही विचार तिनं केला असेल का,
हे मला विचारवत नाही.

दत्तनगरला यल्लूअत्ताकडं गेले. वय शहाऐंशी,
बोटं अजून विडी वळल्यासारखी हलतात.
कागद वाचून दाखवला.
‘दीड आणा? भरला तिनं?’
भरला.
‘तीन भाऊच होते,’ अत्ता म्हणाली.
मग बराच वेळ नळाच्या पाण्याची वाट बघत बसली.
पाणी आलं, दोन हंडे भरले,
तिसऱ्याला म्हणाली:
‘एकट्या बाईला खोली कोण देणार होतं गं?
मागून भाऊ येतायत, म्हणाली असेल.
एक म्हटला असता तर कुणी भ्यालं नसतं.’

आणि कंदील?
‘अंधार होता की नव्हता, ते लिहिलंय का तुझ्या वहीत?’

भाच्याला झाड पाठवायचंय.
बुच्चव्वाच्या शेजारचा चौकोन मी रिकामा ठेवलाय.
वर तीन चौकोन काढलेत, नावांशिवाय.
हे कोण, असं त्यानं विचारलं तर सांगेन,
येतायत.
नळदुर्गच्या रस्त्याला लागलेत.