खायचा कागद

दुकानात दोन प्रिंटर.
एकातून निघतात सातबारे, दाखले, दहावीची हॉलतिकिटं.
दुसऱ्याला कोणी हात लावायचा नाही.
त्याची शाई खायची, त्याचा कागद खायचा,
आणि हे दहादा सांगूनही गिऱ्हाईक विचारतं,
"मंग वरचा फोटो काढून फेकाचा ना, ताई?"

बटाट्याचं सत्त्व, मका, साखर, थोडं तेल.
नागपूरहून पाकिटात पंचवीस पानं येतात.
मे महिन्यात पाकीट फोडलं की कडा वळतात
वाळत्या पळसपानासारख्या,
आणि फ्रीजमध्ये ठेवावं तर चेहऱ्याला घाम फुटतो.
एका नवरदेवाचं नाक असंच मिशीवर उतरलं होतं.
साक्षगंध झालं. नाकाबद्दल कोणी बोललं नाही.

मोठी गर्दी एक जुलैला.
अर्ध्या पंचक्रोशीचा जन्म त्या दिवशीचा,
शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेला.
मी पहाटे चारला उठते,
लाईन असेतोवर
एकाच तारखेची माणसं छापत बसते.

यंदा त्यात गिरजाबाई टेकाम.
अंगणवाडीची मदतनीस, त्याच दिवशी रिटायर.
पोरांच्या आयांनी दहा-वीस रुपये जमवले,
फोटो मात्र एकच, आधार कार्डावरचा.
मोठा केला तर डोळे ताठ,
"पापणी हालवू नका" म्हटल्यावर
माणूस श्वासही धरून बसतो, तसे.
मागची भिंत पुसली. नाकातली फुली उजळली.
कपाळावरच्या गोंदणाला
हात लावला नाही.

केक न्यायला बाई येणार होत्या,
त्यांना घाटंजीत मीटिंग निघाली,
म्हणून जिचा केक तीच आली.
आता काय लपवणार?
पान क्रीमवर टेकवलं, मधून कडेकडे
तळवा फिरवला, पोट दुखणाऱ्या लेकराला फिरवावा तसा.
गिरजाबाईनं उरलेली कातरण उचलली,
उजेडात धरली, जिभेला लावली.
"हे त पापडच व्हय वं.
तांदूय भिजू घालाचा, वाटाचा, खाटेवर लुगडं टाकून वाळवाचा.
फकस्त आमच्या पापडावर
कोनाचं थोबाड नसे."

चार किलोमीटर ती माझ्या गाडीवर मागे बसली,
स्वतःचा चेहरा मांडीवर घेऊन.
प्रत्येक खड्ड्याला म्हणायची, "सांभाय, सांभाय,"
मला की त्याला, कळलं नाही.

एकतीस पोरं. सुरी तिनंच धरली.
खिचडीची वाटी मापावी तसं तिनं
स्वतःला मापलं.
मले डोया. मले फुली. मले बी डोया.
डोळे दोनच, त्यावरून रडारड.
कान मिळाला त्या कार्तिकला म्हणाली,
"आतातरी आयकत जाय."
एक पोरगी भिंतीला टेकून उभी राहिली,
आजीले खात नाही म्हणे.
तिला बाजूचा, कोरा तुकडा दिला.
तोही तिनं हुंगून पाहिला.

शेवटी ताटात खालची पट्टी उरली,
निळ्या आकड्यांत एक जुलै.
"काय लिवलं?" मी सांगितलं.
"हे त मास्तरचं हाये," ती हसली.
"माय सांगे, मी झालो तवा मोहं पडत होते.
ती भरल्या पोटानं येचाले गेल्ती,
टोपलं अर्धंच भरलं होतं."
आणि तारीख तिनं तोंडात टाकली,
विरघळेपर्यंत बोलली नाही.

जीभ निळी झाली होती, मी सांगितलं नाही.
दुकानात अजून नऊ जण छापायचे होते
आणि पिवळी शाई संपत आली होती.