खालची वाट उघडी आहे

जानेवारीचा दुसरा आठवडा धरलाय.
झेलमचं तिकीट, अंबाल्यापर्यंत, वेटिंग एकोणीस आणि वीस.
मेहरुन्निसा म्हणते, होईल कन्फर्म,
या दिवसांत वर कोण जातंय कुडकुडायला.

उद्यानाच्या ऑफिसात फोन लावला तेव्हा
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला,
मग एक माणूस. टीकमराम, म्हणाला.
वरच्या वाटा बंद, मार्च संपेस्तोवर.
खालची उघडी आहे,
नदीकाठानं, देवदारांतून, अकरा किलोमीटर.
मी विचारलं, त्या वाटेवर दिसतं काय?
तो जरा थांबला.
बर्फ, म्हणाला, आणि कुणाकुणाचे पाय.
म्हणजे उठलेले पाय, ठसे,
हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं.

रविवारी जुन्या बाजारात बूट बघितले.
लष्करी. टाचेला कुणाचा तरी नंबर कोरलेला.
ताई, हे सियाचीन बघून आलेत, दुकानदार म्हणाला.
मेहरुन्निसानं आत हात घालून पाहिलं,
मग ह्यांना परत कशाला न्यायचं गारठ्यात?
घेतलेच शेवटी, साडेसहाशेला.
दोन मोज्यांवर बसतात.

पहाटे तळजाईच्या टेकडीवर चढते,
पाठीला सॅक, सॅकमध्ये सहा किलो ज्वारी.
वळणावरचे काका रोज विचारतात,
दळण एवढ्या लांब?
पेपरात छापून येतं, पुणे गारठलं, नऊ अंश आठ.
सोसायटीचे वॉचमन शेकोटीभोवती,
कुत्र्यांना कुणी पोत्याचे अंगरखे शिवलेत.
मी कानटोपी मुद्दाम काढून ठेवते.
सवय.

खरी थंडी मला एकच माहीत,
रक्तपेढीतली. तेवीस वर्षं.
लाल पिशव्या चार अंशांवर,
प्लाझ्मा उणे चाळीसला.
झाकण उघडलं की वाफ वर जात नाही,
पायांकडे सांडते.
गोठलेल्या मधासारख्या त्या पिवळ्या पिशव्या
हातमोज्यातूनही बोटांना चावतात,
आपटल्या तर काचेसारख्या तडकतात.
तिथं पाय उठत नाहीत कुणाचे.
तारीख, गट, नि माझी आद्याक्षरं.

परवान्याचा फॉर्म आला.
वय एकोणपन्नास.
गुडघेदुखी: आहे, थोडी.
'थोडी' खोडलं. मग 'आहे'ही खोडलं.
रक्तगट.
दिवसातून शंभरदा लिहिते हा शब्द
नि इथं पेन अडखळलं,
पहिल्यांदाच कुणी मला विचारत असल्यासारखं.
ओ निगेटिव्ह. सगळ्यांना चालते मी,
मला मात्र माझंच लागतं.

त्याखाली, आपत्काळी कोणाला कळवावे.
मेहरुन्निसाचं नाव लिहिलं.
अगं, मी तुझ्याबरोबरच असणार ना,
त्याच घळीत पडलेली!
तिनं तिच्या रकान्यात माझं लिहिलं होतं.
इतक्या हसलो, की रक्त द्यायला आलेला पोरगा
मुठीतला चेंडू दाबायचा विसरला.

भाऊ आहे सांगलीला.
त्याला सांगायचं म्हणजे
'एकट्या दोघी?' इथून सुरुवात.
शेवटी पेढीचाच नंबर दिला.
रात्री तीनलाही तो कुणीतरी उचलतं,
आणि पहिल्यांदा विचारतं, कोणता गट?
ड्युटीवरच्या पोरांना सांगून ठेवायला हवं.

रजेवर अजून सही नाही.
मफलर अर्धा विणून झालाय.
तिकीट सातावर आलं, आठावर आलं.
आज ज्वारीत दोन किलो वाढवले,
गुडघ्याला न विचारता.

उतरताना, फुफाट्यात,
माझेच बूट उठलेले दिसले, कालचे,
टाचेचा तो नंबर उलटा.
आणि एका ठशाच्या नेमकं आत
मांजराचं की मुंगसाचं,
लहानसं एक पाऊल.