रीटच

होमियारसर वाळवंटातून परततात
तेव्हा बॅगेच्या शिवणीत वाळू असते.
फोर्टातल्या टेबलावर ती सांडते,
मी फुंकर मारतो आणि कामाला लागतो.

माझं काम पुसायचं.
उंटांची रांग ठेवायची, मागची जीप पुसायची.
पाऊलखुणा पुसायच्या, बहुतेक सरांच्याच असतात,
डाव्या बुटाची टाच झिजलेली, ओळखतो मी आता.
पडक्या देवळाच्या खांबावर कुणी 'चंदू' कोरलेलं,
दोन तास लागले चंदूला घालवायला.
विजेचे खांब. पाण्याच्या बाटल्या.
एकदा एक शेळी, सुळक्याच्या ऐन टोकावर,
सर म्हणाले, सुंदर आहे रे, पण विनोदी दिसते.

वाळवंट मी पाहिलेलं नाही.
पण पन्नासेक मैल तरी झाडून काढलं असेल.

या वेळी बॅगेत वाळू नव्हती.
"अंधेरीला गेलेलो," सर म्हणाले,
"जगभर दगड शोधत हिंडलो साला,
आणि हा इथे, नाकाखाली."
पडद्यावर गिल्बर्ट हिल.
काळे उभे खांब, एकाला एक खेटून,
वरच्या कडेला पहाटेचं तिरकं ऊन.
साडेसहा कोटी वर्षं, म्हणाले,
घरातल्या म्हाताऱ्याचं वय सांगावं तसं.
"खालचं सगळं काढ. नुसता खडक पाहिजे.
पृथ्वीवर अजून कोणी आलंच नाही, असा."

खालचं सगळं म्हणजे
निळं प्लास्टिक अंथरलेले पत्रे, त्यांवर टायर,
तीन डिश, एक काळी टाकी,
आणि डाव्या कोपऱ्यात, मोठं करून पाहिलं तेव्हा,
पिवळी चादर,
इस्त्रीने जळलेला तिकोनी डाग असलेली.
आमची.
चादरीमागून एक कोपर.
अंबिकाचं. चिमटे तोंडात धरून वाळत घालते ती.
कोपर तेवढं उन्हात, बाकीची चादरीआड.

सरांना सांगितलं नाही.
ओशाळले असते, चहा मागवला असता,
आणि काम तर तेच राहिलं असतं.

पुसणं म्हणजे पुसणं नसतंच खरं तर.
शेजारचा तुकडा उचलायचा, आणून झाकायचा.
वरचा खडक खाली आणत गेलो.
टाकीवर खडक. पत्र्यांवर खडक. चादरीवर.
हात थरथरला वगैरे नाही.
कोपरापाशी आलो तेव्हा एक वाजला होता.
डबा उघडला, अंबाडीची भाजी होती.
हात धुतले,
मग तेही झाकलं.

तेव्हा आठवला आजा यल्लप्पा.
इथल्या खाणीत सुरुंगाची भोकं पाडायचा तो,
दोन बोटं कमी होती उजव्या हाताला.
उरलेल्यांपैकी एकाने आमच्या चुलीकडे दाखवून म्हणायचा,
"डोंगुर हितवर हुता."
आम्ही हसायचो. चुलीत कसला डोंगर!

त्याने फोडून ट्रकात भरलेला
तो मी त्या दुपारी परत बसवला,
कडा जुळवून, भेगा जुळवून, सावलीसकट.
त्याने केलेल्या जागेत आम्ही राहत होतो.
ती जागाच बुजली.

सर खूश. "एकदम आदिम!"
कुठल्याशा हॉटेलात लागणार आहे, लिफ्टसमोर.

रात्री दोरीपाशी गेलो.
खडकाला पाठ टेकली, अजून कोमट होता,
दिवसाचं ऊन त्याला सोडवत नव्हतं.
समोरच्या टॉवरात वरच्या मजल्यावर
एका खिडकीत उजेड होता, मी मजले मोजत राहिलो.
"काय बघता?"
"फोटो कुठून काढला असेल, ते."
"कशला?"
चिमटे होते तोंडात, शब्द अर्धाच आला.
चादर तिने माझ्याकडे भिरकावली,
मी दोन टोकं धरली,
आणि डाग कुठल्या बाजूला आला
ते अंधारात कळेना.