चारच प्रश्न

परळ. तिसरा मजला, खिडकीला काळा कागद,
कारण आमचे रंग उजेडाला भितात.
नऊला वायंगणकर थर्माकोलचा डबा ठेवतो,
"बारा आहेत. सातवं लहान पोर आहे."
नाव माझ्यापर्यंत येत नाही. नंबर येतो.

भिंगाखाली सगळ्या सारख्याच, वाटाण्यांसारख्या,
म्हणून वरच्या कातडीलाच विचारायचं.
सीडी तीन आहे? मग टी.
वर सीडी चार: मदतनीस.
सीडी आठ: मारेकरी.
(आईला वाटतं मी गाण्यांच्या सीड्यांचं काहीतरी करते.
"अजून चालतात का गं त्या?"
चालतात, आई.)

लेसरसमोरून एकेक पेशी जाते
आणि पडद्यावर ठिपका होऊन बसते.
मी माऊसने झुंडीभोवती कुंपण काढते.
त्याला आम्ही गेट म्हणतो.

शनिवारी लालबागला खोली बघायला गेले.
एजंट पाटकर. "पूर्ण नाव?"
सुनेत्रा, म्हटलं.
"ते झालं. पुढचं?"
सांगितलं.
मग मूळ गाव. मग, "घरात काय काय शिजतं?"
तिसऱ्या प्रश्नाला मी त्याचं गेट ओळखलं.
रेघ माझ्यापेक्षा सरळ होती त्याची.
"मालक कळवतील."

सोमवारी निरोगी नमुना आला नाही.
तुलनेला एक लागतोच. बाही वर केली.
नळीवर लिहिलं: कंट्रोल, स्त्री, ३४.

पंचेचाळीस आर-ए म्हणजे कोरी,
अजून कुणाशी गाठ न पडलेली.
आर-ओ म्हणजे आठवण.
माझ्यात आठवणीवाल्या निम्म्याहून जास्त निघाल्या.
कसली आठवण? गोवराची?
शिवडीच्या त्या गढूळ नळाची?
आईलाही न आठवणाऱ्या एखाद्या तापाची?
ठिपका एवढं सांगत नाही.

आणि एका कोपऱ्यात त्या जुन्या, लढून झिजलेल्या,
ज्यांनी पुन्हा आर-ए चढवलंय,
कोऱ्यांचाच सदरा.
एकच खूण बघून थांबले असते
तर मी त्यांना नवख्या लिहून मोकळी झाले असते.
दुसरी विचारली, सीसीआर सात,
गाठींकडे परतायचा पत्ता.
तो त्यांनी केव्हाच टाकून दिलाय.

राहिल्या त्या आवरणाऱ्या,
ज्या बाकीच्यांना म्हणतात, पुरे आता.
वरून त्यांचा अंदाज येतो. खरी खूण आत, खोल.
ती बघायची तर पेशीला भोकं पाडायची.
रंग आत जातो, खूण उजळते,
पेशी मेलेली असते.

दुपारी फोन थरथरला: पाटकर.
हातात मोजे होते. वाजू दिला.
सातव्या नळीत रक्त जेमतेम तळाशी,
त्यात चारच रंग बसतील.
कोणते चार विचारायचे या पोराला,
ते ठरवत
मी बराच वेळ
नळी उजेडापासून लपवून धरली.