जानोरी, रात्रपाळी

खोली क्रमांक तीन. पावणेदोन. शून्य पूर्णांक चार.
रजिस्टरात आकडा, पुढे सही: बोरस्ते.
आत छतापर्यंत थॉमसनच्या पेट्या,
बाहेर ओझरच्या धावपट्टीचे दिवे.

तेवढ्यात हर्षदाचा फोन. तिकडे रात्रीचे सव्वानऊ.
"नाना, आज जमलं."
काय जमलं? डिस्प्रोशियम.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खताचं नाव वाटलं होतं.

माझं शून्य पाण्याचं,
तिचं त्याच्याही पावणेतीनशे अंश खाली.
तिथवर पोचत कुणीच नाही म्हणते,
उंबऱ्याशी जाऊन उभं राहायचं, बस.
अमोनिया नाही, कॉम्प्रेसर नाही. उजेडाने थंड करतात.
उन्हं लागलेला माल रोज परत पाठवणारा मी,
यावर काय बोलणार?

एकेक अणू म्हणजे लोहचुंबक.
शेजारी उभे केले की ढकलतात,
टोकाला टोक आलं की ओढतात.
ढकलणं आणि ओढणं नेमक्या मापात बसलं
की वायूत थेंब धरतात,
रांगेत, सारख्या अंतरावर,
दोरी न लावता.
"आणि तरी वाहतं, नाना. जराही न घासता."

घन आहे तर वाहील कसं?
वाहतंय तर जागेवर कसं?
आमच्याकडे माल गोठला की गेला,
फुटला की पेटीला डाग.

"एक घड घे समोर."
पट्ट्यांचा पडदा सारून आत गेलो,
चष्म्यावर वाफ. पेटी उघडली.
"मणी मोज."
सत्त्याऐंशी.
"आता समज, एकाही मण्याचा रस त्याचा एकट्याचा नाही.
सगळा रस सगळ्या मण्यांत, एकाच वेळी.
मणी जागेवर. रस कुणाचाच नाही."
म्हणजे देठातून फिरतो?
"देठ नाहीच, नाना."

बोटं बधिर होईतो घड धरून उभा राहिलो.
देठ नसलेला.

सुपरसॉलिड म्हणतात त्याला.
मराठीत काय, ते तिलाही सांगता येईना.
उद्या ते हळूच फिरवून बघणार आहेत,
थेंबांच्या फटींत भोवरे दिसतात का.
भोवरा म्हटलं की मला
गाडगे महाराज पुलाखालचं पाणी, त्यात गरगरणारी चप्पल.
"तेवढा मोठा नाही," ती हसली.

टिकतं किती?
"डोळ्याची पापणी लवेल न लवेल. मग विस्कटतं.
पुन्हा पहिल्यापासून."
हे मात्र समजलं.
छाटणी ऑक्टोबरात, डिपिंग, विरळणी, थंडीत शेकोट्या,
आणि घड ताटात किती वेळ?

फोन ठेवला तेव्हा खोलीत एक पूर्णांक सहा.
सकाळी सुपरवायझर विचारेल.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: दार उघडे राहिले.
खोडलं नाही.
घड मात्र पेटीत परत ठेवला नाही,
डब्याशेजारी ठेवलाय,
सत्त्याऐंशी मणी,
अजून एकही खाल्ला नाही.