अर्धी गोळी

नखाने गोळी अर्धी होते,
पण सारखी होत नाही.
मोठा तुकडा आज, उरलेला भुगा उद्या.
असगोलीचा मुश्ताक परकार येईस्तोवर
पुरवायच्या आहेत.
तो आणतो साखरेच्या गोळ्यांच्या पट्ट्या, आमसुलं,
आणि पट्टीलाच रबराने बांधलेली वैजूची चिठ्ठी:
सकाळी, उपाशीपोटी. विसरू नका.

विसरत नाही गं.
पण आधी सकाळ तर हवी.
सोहारच्या बंदरात माझी सकाळ
या आठवड्यात संध्याकाळी सहाला उगवते,
पुढच्या आठवड्यात पहाटे चारला.
उपाशीपोटी म्हणजे नक्की कुठल्या जेवणाआधी,
विचारलं होतं डॉक्टरला.
त्याची भाषा वेगळी, माझी वेगळी,
मध्ये एक नर्स, दोघांची अर्धी अर्धी जाणणारी.

गोळी इथेही मिळते.
पण इथे घेतली की कागदावर नाव चढतं,
आणि क्रेनवर बसणाऱ्याला चक्कर येऊ शकते
हे एकदा कागदाला कळलं
की तो काही बोलत नाही,
थेट विमानात बसवतो.
म्हणून मी ठणठणीत.
खोलीत सहा जण. सहाही ठणठणीत.

व्हिडिओवर वैजू विचारते, घेतली?
घेतली.
अर्धीला घेतली म्हणावं की नाही
हे तिने अजून विचारलेलं नाही.
चेहरा उतरलाय, म्हणते.
ट्यूबलाइट तशी आहे, म्हणतो.

परवा फ्रिजमध्ये ताक शोधताना
रफीकुलचा सुक्या मासळीचा डबा चुकून उघडला.
त्याचा वास आम्हा कोकण्यांनाही सोसत नाही,
कुणी हात लावत नाही त्याला.
वर चार बोंबील. खाली ओल्या फडक्यात
इन्सुलिनची तीन पेनं.
वळलो तर तो दारात.
मी डबा लावला. ताक घेतलं.
ताक आंबट होतं, तसं म्हणालोही.

काल शिफ्टला निघताना
तो माझ्या खाटेवर येऊन बसला,
न विचारता.
सदरा वर केला, पोटाची चिमूट धरली,
सुई टोचली. माझ्याकडे बघत.
मग वाट बघत बसला.
मी उशीखालून पट्टी काढली.
नख लावलं.
त्याने हळूच माझ्या बोटावर चापट मारली,
नखं कुरतडणाऱ्या पोराला मारतात तशी.

गेली अख्खी.
आता उरल्या पंधरा, आणि दिवस एकतीस.
वैजूला फोन केला,
म्हटलं या खेपेला जास्त पाठव, दुप्पट.
का हो? म्हणाली.
खाली बसने हॉर्न दिला
म्हणून बरं.