परतीची लाईन

सावद्याला नेहेत्यांचा नवा बंगला.
तीन मजले, सहा न्हाणीघरं,
आणि जिन्याखालच्या टाकीपासून
वर द्वारकाबाईंच्या नळापर्यंत
एकशे दहा फूट पाइप.
टेप धरून मोजलाय मी.

पौषात इकडे थंडीनं केळीची पानंसुद्धा करपतात.
म्हातारी पहाटे पाचला नळ सोडून
स्टुलावर बसायची.
पाणी यायचं. गार.
अजून गार.
रात्रभर पाइपात निजलेलं पाणी आधी बाहेर पडणार,
मग त्याच्या मागचं ऊन.
एक बादली भरून दुसरी अर्धी झाली
की कुठे बोटांना कळायचं.

हेमचंद्रभाऊ म्हणाले, गंभीर, टाकी बदल.
म्हटलं, टाकीचा काय गुन्हा, भाऊ?
ती बिचारी तापवतेच आहे.
वाट लांब आहे.

मग त्यांना बोअरजवळ नेलं.
साडेसातशे फुटांवरून ओढता हे पाणी,
शेतात ठिबकनं थेंब मोजून देता,
आणि घरात दीड बादली
रोज, नुसती गार आहे म्हणून
मोरीत?
सहा नळ आहेत. हिशोब तुम्हीच करा.

भाऊ हिशोबाचे पक्के.
दुसऱ्या दिवशी भिंत फोडायला परवानगी मिळाली.

तर, एक पाइप जातो. तो सगळ्यांना ठाऊक असतो.
दुसरा परत येतो.
शेवटच्या नळाच्या जरा अलीकडून वळतो,
भिंतीतून उतरत उतरत
पुन्हा टाकीच्या बुडाशी.
तिथे पंप. नारळाएवढा.
बोअरच्या मोटरीसारखा तो ओरडत नाही,
त्याला पाणी चढवायचं नसतंच,
आहे तेच फिरवत ठेवायचं.
कान लावला तर मांजर झोपल्यासारखं ऐकू येतं.

आणि एक झडप. पितळेची, तळहातात मावणारी.
पाणी परत येऊ दे,
पण उलटं जाऊ नको दे,
एवढंच तिचं काम.
फैजपूरच्या डॉक्टरांकडे आमच्या अक्रमनं
ती उलटी बसवली होती.
दोन दिवस पंप फिरला,
पाणी जागचं हललं नाही,
आणि डॉक्टरीणबाई माझ्याशी अजून बोलत नाहीत.

पाइपाला काळ्या फोमची गोधडी घातली,
नाहीतर ऊन पाणी भिंतीच शेकत बसतं.
परतीचं पाणी चाळिसाला पोचलं की पंप बंद.
टायमर, पहाटे पाच ते आठ.
चोवीस तास कशाला फिरवायचं?
झोपलेल्या घराला वीजबिल येतंच.

पहिल्या सकाळी मीच उभा होतो.
द्वारकाबाईंनी नळ सोडला
आणि हात झटकन मागे घेतला.
आलं! लगेच आलं!
भाऊ हसले. सूनबाई हसल्या.
म्हातारी रिकाम्या बादलीकडे बघत राहिली.

"आरे गंभीर,
आता माह्या लिंबाले पानी कुठून टाकू?"

गच्चीवर ड्रममध्ये लिंबाचं झाड.
ती दीड बादली
तिनं कधी मोरीत सोडलीच नव्हती.
पायऱ्या मोजत वर न्यायची, दोन खेपांत.
माझा हिशोब एका नळानं चुकला होता.

म्हटलं, बाई, गार पाण्याचा नळ आहे की शेजारी.
"ते चांगलं पानी," म्हणाली.
"हे वाया जानारं होतं."

यावर मला काही सुचलं नाही.
हत्यारं पिशवीत भरली.
सतराशे बाकी होते, भाऊ म्हणाले सोमवारी.

निघता निघता जिन्याखाली वाकलो,
दोन्ही पाइपांवर एकेक हात ठेवला.
जाणारा कढत,
येणारा थोडा कोमट.
मधलं घरानं घेतलं.

मग टायमरचा काटा
पाचवरून हळूच सरकवला
साडेपाचवर.
भाऊ सातला उठतात.

बाई पाचला.